आंबील ओढा, ऊद आणि बीव्हर : बिबवेवाडी परिसरातील पाणथळ जागांचा इतिहास

प्रस्तावना

पुणे शहराच्या दक्षिणेस कात्रजच्या डोंगररांगेचा उतार सपाटीस लागतो, त्या पट्ट्यात बिबवेवाडी वसलेली आहे. गावाच्या नावातच बिबव्याचे झाड आहे. बिबवा हा कोरड्या, खडकाळ उतारावर वाढणारा वृक्ष. पावसाळ्याचे चार महिने या उतारावरून पाणी धावत खाली येते आणि उरलेले आठ महिने तोच उतार कोरडा पडतो. दख्खनच्या बसाल्ट खडकात पाणी साठण्यास जागा थोडी असते. वरच्या मुरमाच्या थरात मुरेल तेवढेच पाणी विहिरींना लाभते आणि बाकीचे ओढ्यानाल्यांवाटे मुठेस मिळते. अशा भूमीवर पाणथळ जागा असलीच तर ती कोणीतरी पाणी अडवल्यामुळे असते. ते पाणी कोणी अडवले, कशासाठी अडवले आणि पुढे त्या अडवलेल्या पाण्याचे काय झाले, याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

युरोप व उत्तर अमेरिकेतील ओढ्यांवर पाणी अडवण्याचे काम करणारा सर्वांत प्रसिद्ध प्राणी म्हणजे बीव्हर. आपल्याकडील पाणथळ जागांविषयी लिहिता-बोलताना या प्राण्याचे नाव अधूनमधून घेतले जाते. कधी तो येथेही आढळतो असे गृहीत धरले जाते, तर कधी पाण्यात पोहणाऱ्या एखाद्या तपकिरी प्राण्यास बीव्हर म्हटले जाते. वस्तुस्थिती अशी की बिबवेवाडीत, पुणे जिल्ह्यात किंवा भारतात कोठेही रानटी बीव्हर नाही. त्याच्या दोनच जाती आज जगात आहेत. एक युरेशियातील व दुसरी उत्तर अमेरिकेतील. भारताच्या त्यातल्या त्यात जवळची वस्ती मंगोलिया आणि चीनच्या सीमेवरील बुलगन-उलुंगुर नदीच्या खोऱ्यात आहे. ती हिमालय व तिबेटच्या पलीकडे असल्याने आपल्या नद्यांशी तिचा काही संबंध येत नाही. मात्र ज्या प्राण्याशी त्याची गल्लत केली जाते तो ऊद, म्हणजेच पाणमांजर, हा महाराष्ट्राचा जुना रहिवासी आहे. या दोघांतील फरक लक्षात घेतला, तर पुण्याच्या दक्षिणेकडील तलावांचा इतिहास वेगळ्या प्रकाशात दिसतो.

नावांचा गोंधळ

या गल्लतीचे मूळ बऱ्याच अंशी भाषेत आहे. मराठीत 'ऊद' म्हणजे पाणमांजर. त्याच उच्चाराचा दुसरा 'ऊद' धूपासारखा जाळण्याचा, तो अरबीतून आलेला शब्द आहे. 'उदमांजर' हा शब्द सह्याद्रीत कांडेचोरास लावला जातो आणि त्याचा पाण्याशी संबंध नाही. हिंदीत पाणमांजरास 'ऊदबिलाव' म्हणतात आणि इंग्रजीतून भाषांतर करताना बीव्हरसाठीही हाच शब्द वापरला गेल्याची उदाहरणे आहेत. मूळ भाषेत प्राणीच नसेल तर अनुवादकाने जवळचे नाव शोधावे, हे स्वाभाविक आहे. परंतु त्यामुळे मासे खाणारा एक शिकारी प्राणी आणि झाडाची साल खाणारा एक कुरतडणारा प्राणी वाचकाच्या मनात एकच होऊन बसले. पाण्याजवळ राहणे, दाट केस आणि पोहण्याचे कौशल्य एवढेच दोघांत समान आहे. बीव्हर उंदीर-खारींच्या गणातला, तर ऊद मुंगसा-मांजरांसारख्या मांसभक्षकांच्या गणातला.

शब्दांचा इतिहास मागे नेला तर आणखी गंमत दिसते. ऊद हा संस्कृत 'उद्र' शब्दाचा वंशज असून इंग्रजी 'ऑटर' त्याच घराण्यातला आहे. यजुर्वेदाच्या संहितांत अश्वमेधाच्या प्रसंगी जी प्राण्यांची यादी येते तीत उद्राचे नाव आहे. महीधराने त्याचा अर्थ खेकडा असा केला. तैत्तिरीय संहितेवरील भाष्यात मात्र त्यास पाण्यातील मांजर म्हटले आहे आणि आधुनिक अभ्यासकांनी हाच अर्थ ग्राह्य धरला आहे. पाणमांजर हे आजचे मराठी नाव त्या भाष्यकाराच्या शब्दाचेच जणू रूपांतर आहे. (महीधराच्या खेकड्यालाही अगदीच आधार नाही असे नाही, कारण उदाच्या आहारात खेकडे असतात.) दुसरीकडे बीव्हर या शब्दाचे संस्कृतातील भावंड 'बभ्रु' होय. अवेस्तेत याच धातूचा 'बव्रि' शब्द बीव्हरसाठी येतो आणि जलदेवता अनाहितेचे वस्त्र त्याच्या कातड्याचे असल्याचे वर्णन आहे. हिंदुस्थानात बभ्रु म्हणजे तपकिरी रंग, आणि प्राणी म्हटला तर मुंगूस. या भूमीत बीव्हर नव्हताच, त्यामुळे शब्द उरला आणि तो दुसऱ्याच प्राण्यास चिकटला, असे म्हणावे लागेल.

अवेस्तेच्या वेंदिदाद या भागात उद्राच्या हत्येस अत्यंत कठोर शिक्षा सांगितली आहे आणि तो मारला गेला त्या प्रदेशावर अवर्षणाचे संकट येते असे म्हटले आहे. पाण्यातील प्राण्याचा आणि पाण्याच्या टिकण्याचा संबंध एका प्राचीन समाजाने धर्मभावनेच्या भाषेत मांडला होता, एवढे त्यावरून नक्की दिसते.

बीव्हर भारतात जिवंत आला नाही, तरी वस्तुरूपाने आला. त्याच्या ग्रंथींतून मिळणारा उग्र वासाचा पदार्थ युनानी वैद्यकात 'जुंदबेदस्तर' या नावाने वापरला जातो. युरोपात त्याच्या मऊ केसांपासून टोप्यांचे फेल्ट बनत असे. या दोन्हींसाठी, आणि मांसासाठीही, त्याची इतकी शिकार झाली की विसाव्या शतकाच्या आरंभी युरेशियातील संख्या सुमारे १,२०० वर आली होती. संरक्षण व पुनर्वसनामुळे ती आज दहा लाखांच्या पुढे गेली आहे.

बीव्हर काय करतो

बीव्हर फांद्या, दगड व चिखल यांचा बांध लहान ओढ्यावर घालतो. त्याचा हेतू एवढाच की मागे पाणी खोल व्हावे आणि घराचे दार पाण्याखाली राहावे. परंतु या बांधाचे परिणाम त्याच्या हेतूपेक्षा फार मोठे असतात. एकाच ओढ्यावर असे अनेक बांध एकाखाली एक असतात. प्रत्येक बांध गळका असतो. त्यातून पाणी झिरपत पुढे जाते, कोठेही पूर्ण थांबत नाही आणि कोठेही एकदम सुटत नाही. गाळ बांधामागे बसतो, काठच्या जमिनीत पाणी मुरते, भूजलाची पातळी वर येते आणि पावसाच्या लोंढ्याचा वेग पायरीपायरीने मोडतो. त्या डबक्यांत बेडूक, चतुर, मासे व पाणपक्षी वस्तीला येतात. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात २०१५ ते २०२० या काळात रानटी बीव्हरांच्या वस्तीवर शासकीय परवानगीने जो प्रयोग झाला, त्यात बांधांखालच्या गावाकडे जाणाऱ्या पुराचा जोर कमी झाल्याचे दिसून आले. योगायोगाने त्या नदीचे नावच 'ऑटर' आहे.

येथे एक बाब महत्त्वाची आहे. बीव्हरच्या तळ्यांचा लाभ घेणाऱ्या प्राण्यांत पाणमांजर असते. युरोपात व अमेरिकेतही ते या तळ्यांत मासे पकडते आणि बीव्हरने सोडलेल्या घरांत वा बिळांत राहते. ऊद स्वतः बांध घालत नाही. त्यास दुसऱ्या कोणी राखलेले पाणी लागते, मग ते निसर्गाने खोदलेल्या डोहाचे असो, प्राण्याने अडवलेले असो की माणसाने. गोव्यात चोडण्यासारख्या बेटांवर खाजन शेतीचे बांध आणि मानशी यांच्या आधाराने जे निमखारे पाणी टिकून राहिले, तेथे मऊ केसांच्या पाणमांजरांची वस्ती आजही आहे. खाजन हे शेतकऱ्यांनी शतकानुशतके राखलेले मानवनिर्मित क्षेत्र आहे. बीव्हर नसलेल्या देशात बीव्हरचे काम कोणी केले असेल, या प्रश्नाचे उत्तर तेथे मिळते.

सायक्सची यादी

पुण्याच्या परिसरातील प्राण्यांची आधुनिक पद्धतीची पहिली व्यवस्थित नोंद कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने केली. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून १८२४ पासून तो दख्खनभर फिरत होता आणि पुणे हे त्याचे मुख्य ठाणे होते. १८३१ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे त्याने मांडलेल्या दख्खनच्या सस्तन प्राण्यांच्या यादीत पाणमांजराचा समावेश आहे. त्या काळी त्यास 'लुट्रा नायर' हे शास्त्रीय नाव होते. फ्रेडरिक क्यूव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ते तमिळ 'नीर्नाय', म्हणजे पाण्यातील कुत्रा, यावरून घेतले. तमिळास जे पाण्यातील कुत्रे दिसले ते मराठीस मांजर दिसले. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी प्राणिग्रंथांत जलमांजर हे मराठी नाव नोंदलेले आढळते.

सायक्सने पुढे दख्खनच्या माशांवरही लिहिले. मुळा-मुठा व भीमा या नद्यांतील मासे त्याने कोळ्यांकडून मिळवले आणि अनेकांना त्यांची मराठी नावेच शास्त्रीय नावे म्हणून दिली. 'कोळस' आणि 'नुक्ता' ही त्याची परिचित उदाहरणे होत. इतिहासाच्या अभ्यासकास या यादीचे मोल वेगळे आहे. मासे होते, त्यांना पकडणारे कोळी होते आणि त्याच माशांवर जगणारा ऊदही दख्खनच्या नद्यांत होता, हे एकाच निरीक्षकाच्या लेखनातून सिद्ध होते. मोठ्या शिकारी प्राण्याची नोंद म्हणजे त्याच्या खालच्या सर्व साखळीची नोंद असते. ऊद कळपाने मासे हाकतो, काठावर ठराविक जागी विष्ठा टाकतो आणि काठच्या मातीतील बिळांत पिले वाढवतो. त्यास बारमाही पाणी, मुबलक मासे आणि माणसाचा उपद्रव नसलेला मातीचा काठ अशा तीन गोष्टी एकत्र लागतात.

पेशवेकालीन बांध

सायक्स पुण्यास आला तेव्हा शहराच्या दक्षिणेस माणसाने अडवलेल्या पाण्याची एक साखळी पाऊण शतक उभी होती. बाळाजी बाजीराव उर्फ नानासाहेब पेशवे यांच्या कारकिर्दीत, इ.स. १७५० च्या सुमारास, कात्रजच्या खोऱ्यात आंबील ओढ्यावर दगडी बांध घालून एकाखाली एक असे दोन तलाव तयार करण्यात आले. वरच्या तलावात गाळ बसावा आणि तुलनेने निवळ पाणी खालच्या तलावात यावे, अशी ही रचना होती. तेथून शहरापर्यंत जमिनीखालून चुन्याच्या बांधकामाचा नळ नेला होता. आतून माणसाला चालता यावे एवढा तो प्रशस्त होता. त्यावर ठिकठिकाणी हवा खेळण्यासाठी आणि साफसफाईसाठी उभी बांधकामे होती, त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. पाणी केवळ उताराच्या बळावर शनिवारवाड्यापर्यंत जाई आणि वाटेतील हौदांतून पेठांना मिळे. काळा हौद, बदामी हौद ही नावे पुणेकरांच्या तोंडी आजही आहेत, जरी त्यांतील पाण्याची आठवण फारशी कोणास नाही.

याच काळात साखळीचे दुसरे टोक पर्वतीच्या पायथ्याशी बांधले गेले. मूळचा आंबील ओढा पर्वतीवरून पुढे शहरात शिरून कसब्याच्या पश्चिमेने वाहत असे. कसब्याच्या पूर्वेस नागझरी आणि पश्चिमेस आंबील ओढा, अशी जुन्या पुण्याची नैसर्गिक चौकट होती. पश्चिमेकडे नव्या पेठा वसवायच्या तर हा ओढा अडचणीचा होता. म्हणून पर्वतीपाशी बांध घालून त्याचा प्रवाह वळवण्यात आला आणि आज दांडेकर पूल आहे त्या बाजूने तो मुठेकडे नेण्यात आला. बांधामागे पर्वतीचे तळे तयार झाले. तळ्यातील बेटावर बाग होती आणि सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत, १७८४ मध्ये, तेथे गणपतीची स्थापना झाली. सारसबागेतील तो गणपती अजून 'तळ्यातला गणपती' म्हणून ओळखला जातो. आता सभोवती हिरवळ आहे. तळे आटवून झालेल्या जमिनीवर विसाव्या शतकात सारसबाग व पेशवे उद्यान उभे राहिले.

कात्रजचे दोन तलाव डोंगराच्या तोंडाशी आणि पर्वतीचे तळे पायथ्याशी, असे पाहिले तर आठ-दहा किलोमीटरांच्या ओढ्यावर तीन ठिकाणी पाणी थांबत होते. त्यांच्या दरम्यान धनकवडीपासून पर्वतीपर्यंत शेते व मळे होते. पूर्वेस बिबवेवाडीचा उतार होता, त्याचे पाणी उत्तरेकडे मुठेच्या दिशेने उतरे. पेशवाईच्या कारभाऱ्यांना पाणथळ परिसंस्था उभी करायची नव्हती, हे उघड आहे. त्यांना वाड्यातील कारंज्यास, पेठेतील हौदास आणि पर्वतीच्या बागेस पाणी हवे होते. बीव्हरलाही परिसंस्था उभी करायची नसते. हेतू काहीही असो, अडवलेले पाणी आपले काम करते. तलावांच्या काठी लव्हाळे व पाणकणसे वाढतात, उथळ पाण्यात बगळे व बदके उतरतात, बांधाखालच्या विहिरींना पाझर लाभतो आणि भर पावसातला लोंढा तलाव भरेपर्यंत तरी वर थांबतो.

तुलना येथे थांबवून भेदही नोंदवला पाहिजे. बीव्हरचे बांध लहान, गळके व पुष्कळ असतात आणि तो त्यांची दररोज डागडुजी करतो. पेशव्यांचे बांध मोठे, पक्के व मोजके होते. त्यांची डागडुजी राज्यकर्त्यांच्या इच्छेवर व खजिन्यावर अवलंबून होती. ओढ्याचा मधला भाग त्यांनी मोकळाच सोडला होता. तो मोकळा राहिला तो केवळ वस्ती नसल्यामुळे, कोणी राखल्यामुळे नव्हे. पुढच्या इतिहासातील दुखणे याच मधल्या भागात आहे.

खडकवासल्यानंतर

इंग्रजी अमदानीत पुण्याच्या पाण्याचा केंद्रबिंदू दक्षिणेकडून पश्चिमेकडे सरकला. मुठा नदीवर खडकवासल्याचे धरण १८६९ ते १८७९ या काळात बांधण्यात आले आणि त्याचा उजवा कालवा पर्वतीच्या पायथ्यावरून हडपसरकडे गेला. नळाचे पाणी मिळू लागल्यावर हौदांचे महत्त्व ओसरत गेले. कात्रजचा नळ हळूहळू वारशाच्या वस्तूत जमा झाला. ज्या तलावाचे पाणी प्यावे लागते, त्याच्या काठाकडे शहराचे लक्ष असते. पाणी पिणे थांबले की ते लक्षही सुटते. पुण्याच्या जलव्यवस्थेचा इतिहास लिहिताना धरणांची क्षमता व नळांची लांबी यांची नोंद होते. या लक्ष सुटण्याची तारीख मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, त्या लोंढ्याने खडकवासलाही फुटले आणि मुठेच्या काठच्या पेठा वाहून गेल्या. पूरग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी शहराबाहेर ज्या नव्या वसाहती झाल्या, त्यांत पर्वती व सहकारनगर परिसरातील सहकारी गृहरचना संस्था होत्या. नदीच्या पुरातून वाचलेले लोक ओढ्याच्या खोऱ्यात आले. त्या वेळी तो ओढा उन्हाळ्यात जेमतेम पाणी असलेला, निरुपद्रवी वाटणारा होता. पुढील दशकांत सातारा रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी वस्ती वाढत गेली. पश्चिमेस धनकवडी व पद्मावती, पूर्वेस बिबवेवाडी, अप्पर इंदिरानगर व त्यावरचे डोंगरउतार भरून आले. उतारावर जेथे पाणी मुरमात जिरत असे तेथे छपरे, सिमेंट व डांबर आले. जिरण्याचे प्रमाण घटले की वाहण्याचे वाढते. हे साधे गणित शहराच्या आराखड्यात उशिरा शिरले आणि अजून पुरते रुजलेले नाही.

ओढ्याचे काय झाले हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. सांडपाणी त्यात सोडले गेले, पात्र अरुंद झाले, वळणे बुजवली गेली, पुलांच्या नळ्या लहान राहिल्या. सायक्सच्या यादीतील उदास लागणाऱ्या तिन्ही गोष्टींपैकी मुळा-मुठेच्या शहरी पात्रात आज एकही धड शिल्लक नाही. पाणी बारमाही आहे खरे, पण ते मैल्याचे आहे. कात्रजच्या खालच्या तलावाची स्थिती थोडी बरी म्हणावी लागेल. १९९९ मध्ये पेशवे उद्यानातील प्राणिसंग्रहालय कात्रजला हलवले गेले आणि सुमारे १३० एकरांच्या त्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयाच्या आवारात ४२ एकरांचा हा तलाव आला. आवाराच्या भिंतीमुळे त्याचा काठ वाचला. परंतु वरच्या वस्तीतून येणारे सांडपाणी आणि त्यावर माजणारी जलपर्णी भिंतीने अडत नाही. पर्वतीच्या तळ्यावर झालेले प्राणिसंग्रहालय पेशव्यांच्याच दुसऱ्या तळ्याकाठी गेले, हा योगायोग नोंद घेण्याजोगा आहे.

२५ सप्टेंबर २०१९

त्या रात्री दक्षिण पुण्यात काही तासांत अतिवृष्टी झाली. कात्रजच्या डोंगरावरून आलेले पाणी आंबील ओढ्याच्या पात्रात मावले नाही. सहकारनगर, अरण्येश्वर, पद्मावती, दांडेकर पूल या भागांतील वस्त्यांत ते शिरले. अरण्येश्वर परिसरातील टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे दगावली. शहर व आसपासच्या तालुक्यांत मिळून वीसहून अधिक लोकांचा बळी गेला. मृतांत व बेघरांत ओढ्यालगत राहणारे कष्टकरी अधिक होते, कारण शहराने दुसऱ्या कोणत्याही कामाची न मानलेली ती जमीनच त्यांच्या वाट्यास आली होती.

१९६१ चा पूर धरणफुटीचा होता, २०१९ चा ओढ्याचा. पहिल्याची चौकशी झाली, त्यावर लेखन झाले, त्याच्या स्मृतिदिनी वृत्तपत्रांत लेख येतात. दुसऱ्याच्या कारणांत एखादे फुटलेले धरण दाखवता येत नाही. त्याचे कारण पावसाखेरीज अनेक लहानसहान गोष्टींत विखुरलेले आहे. बुजवलेले वळण, डोंगरउतारावरील बांधकाम, राडारोडा, अरुंद पूल. म्हणूनच उपाय सुचवताना नजर बहुधा पात्राच्या त्या त्या तुकड्यापुरती राहिली. काठास सीमाभिंती बांधाव्यात, पात्र सरळ व रुंद करावे, या सूचना पुढे आल्या. जून २०२१ मध्ये दांडेकर पुलाजवळील वस्तीतील घरे ओढ्याचे पात्र सरळ करण्याच्या कामासाठी पाडण्यात आली, तेव्हा तीव्र विरोध झाला आणि न्यायालयाने कारवाईस स्थगिती दिली. त्या प्रसंगी चर्चा झाली ती पुनर्वसनाची व अधिकाराची, आणि ती योग्यच होती. पात्र सरळ केल्याने पाण्याचा वेग वाढतो व तो खालच्या वस्तीकडे सरकतो, हा जलशास्त्राचा मुद्दा मात्र मागे पडला. नानासाहेबांच्या काळी ओढा वळवला गेला तेव्हा त्यासोबत तळेही बांधले होते. वळवणे आणि थांबवणे ही दोन कामे जोडीने झाली होती. अलीकडच्या योजनांत वळवणे उरले, थांबवणे गळाले.

व्याख्येचा प्रश्न

या साखळीचे रक्षण कायद्याने होईल काय, हे पाहताना एक अडचण लक्षात येते. केंद्र शासनाने २०१७ मध्ये पाणथळ जागांच्या संवर्धन व व्यवस्थापनाचे नियम नव्याने लागू केले व २०१० चे नियम रद्द झाले. नव्या नियमांतील व्याख्येतून नद्यांची पात्रे वगळली आहेत. भातशेती वगळली आहे. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित तलाव, तसेच सिंचन, मत्स्यशेती, मीठ व मनोरंजन यांसाठी बांधलेल्या रचनाही वगळल्या आहेत. या निकषाने पाहता कात्रजचे तलाव पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले ठरतात, आंबील ओढा पात्र ठरतो आणि पर्वतीचे तळे तर उरलेच नाही. म्हणजे दक्षिण पुण्याच्या इतिहासात जेथे जेथे पाणी थांबले, त्यांतील एकही जागा व्याख्येत सुखासुखी बसत नाही. पावणेतीनशे वर्षांत तलावाच्या काठी जे जीवन वसले ते बांधणाऱ्याच्या मूळ हेतूवरून मोजायचे, हा निकष इतिहासाच्या दृष्टीने टिकणारा नाही.

महाराष्ट्रातच याचे उलट उदाहरण आहे. राज्यातील पहिले रामसर क्षेत्र म्हणून २०२० मध्ये मान्यता मिळालेले नांदूर मध्यमेश्वर हे निफाड तालुक्यात गोदावरी व कादवा यांच्या संगमावर विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या बंधाऱ्यामुळे तयार झाले. बंधारा सिंचनाचा होता. गाळ साठत गेला, उथळ बेटे झाली, पाणवनस्पती वाढल्या आणि हिवाळ्यात हजारो स्थलांतरित पक्षी उतरू लागले. तेथे बांधणाऱ्याचा हेतू कोणी आड आणला नाही, कारण प्रत्यक्ष पक्षी समोर होते.

कात्रजच्या तलावांस तसा दर्जा मिळावा एवढा त्यांचा विस्तार नाही. त्यांचे महत्त्व निराळ्या प्रकारचे आहे. शहराच्या एका ओढ्याचे उगमाकडचे पाणी आजही तेथे थांबते. २०१९ च्या पावसात हे तलाव भरून वाहिले, पण भरेपर्यंत त्यांनी जे पाणी धरले ते तेवढा वेळ खालच्या वस्तीत गेले नाही. गाळ काढून त्यांची धारणक्षमता वाढवणे, कात्रज ते दांडेकर पूल या दरम्यान ओढ्याकाठी उरलेल्या मोकळ्या जागांत लहान, झिरपते बांध व पसरट खळगे राखणे, आणि बिबवेवाडीच्या उतारावरचे पाणी खाली येण्याआधी वरच मुरमात जिरवणे, ही कामे बीव्हरच्या पद्धतीची आहेत. ती एकरकमी नसतात. पेशव्यांच्या नळावरील उच्छ्वासही साफसफाईसाठीच ठेवलेले होते. त्यांतील काही वस्त्यांमध्ये घरांच्या व रस्त्यांच्या कडेला अजून उभे आहेत.